ज्याने नापास केलं त्याने फोन करायचा

सारंगकाकांबद्दल चांगलं लिहायचं माझ्या जिवावर येतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुठे माझी जीभ तिरकी गेली तर वाचणाऱ्याने समजून घ्यावं. चार वर्षं मी त्या माणसाचा हेवा केला. अधूनमधून नव्हे, अगदी रीतसर. सकाळी ऑफिसचं कुलूप उघडल्यापासून संध्याकाळी शटर ओढेपर्यंत. आमच्या ऑफिसात इतक्या नियमाने दुसरं कुठलंच काम मी केलेलं नाही.

आमचं ऑफिस मालवणात, बाजारपेठेतून जरा वर गेलं की एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर आहे. माणसं दहा. होमस्टेच्या खोल्या, स्कूबाच्या फेऱ्या, होड्यांची तिकिटं यांचं बुकिंग ज्यावर चालतं ते सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. मालक राजन माझा शाळूसोबती, मुंबईची नोकरी सोडून आलेला. मी पुण्यात अकरा वर्षं काढून आलेला. त्यामुळे ऑफिसात राजनच्या खालोखाल मान माझा, आणि नवी माणसं निवडायचं काम माझ्याकडे.

हे काम मला फार प्रिय होतं. बाहेरच्या बाकावर कुडाळ, कणकवली, वेंगुर्ल्याहून आलेली मुलं फायली मांडीवर घेऊन बसायची आणि दार वाजलं की सगळ्यांच्या माना वर व्हायच्या. मी पेपर काढायचो. तीन कोडी, पाऊण तास, इंटरनेट बंद. बुद्धिबळाच्या पटावरून घोडा असा फिरवायचा, की प्रत्येक घरात एकदाच जाईल. असल्या चालीची ती कोडी असत. मुलं प्रोग्रॅम लिहीत असताना मी त्यांच्या पाठीमागे उभा राहायचो. पुण्यात माझ्याही मागे असंच कुणीतरी उभं राहिलं होतं, आणि आता पाळी माझी होती. पेपर झाला की पहिला प्रश्न, 'कोणाचो रे तू? खंयचो?' गाव कळलं की घर कळतं, घर कळलं की अर्धा निकाल लागतो, अशी माझी पद्धत होती. नापास झालेल्यांना मी कळवत नसे. फोन आला नाही की कळायचं त्यांना आपोआप.

अशाच एका दिवशी बाकावर फाइल घेऊन एक त्रेपन्न वर्षांचा गृहस्थ येऊन बसला. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. दारात चपला काढून ठेवलेल्या. आमच्या ऑफिसात चपला कोणी काढत नाही; ते मात्र शेवटच्या दिवसापर्यंत काढत आले. मला वाटलं कुणाचे तरी वडील असतील.

"तुमचा मुलगा कुठाय?" मी विचारलं.

"माका झील नाय. चेडू आसा, ता गोव्याक," ते म्हणाले. मुलगा नाही, एक मुलगी, असा त्याचा अर्थ. "पेपर मीच देतलंय."

हे देवबागचे सारंग. तीस वर्षं परदेशी बोटींवर वीजविभागात अधिकारी. बोटीवरच्या रिकाम्या वेळात कुठलीकुठली पुस्तकं वाचून प्रोग्रॅमिंग शिकलेले. कायमचे घरी परतल्यावर घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसणं जमेना, म्हणून अर्ज केलेला. मी मनातल्या मनात हसलो आणि पेपर पुढे ठेवला. पाऊण तासानंतर शंभरात अकरा मार्क पडले. मी तो पेपर नापासांच्या गठ्ठ्यात टाकून चहा प्यायला गेलो.

परत आलो तर राजन तोच पेपर हातात घेऊन उभा. खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'प्रश्न दोनमध्ये नमुना म्हणून दिलेलं उत्तर चुकीचं आहे. कृपया तपासावे. पुढच्या मुलांचा वेळ वाया जाईल.'

राजनने तपासलं. चुकीचंच होतं. दोन वर्षं मी तोच पेपर देत होतो. त्या चुकीच्या उत्तराशी स्वतःचं उत्तर जुळेना म्हणून किती मुलांनी डोकं आपटलं असेल ते देव जाणे. त्यातल्या एकानेही वर मान करून विचारलं नव्हतं, कारण मागे मी उभा.

"विनू, अकरा मार्कवाल्याक बोलव," राजन म्हणाला.

पहिला पोटशूळ उठला तो त्या दिवशी.

काका कामाला लागले आणि महिन्याभरात ऑफिस त्यांचं झालं. म्हणजे तसं काही ते करत नसत. कॉम्प्युटर अडला की त्याच्यापुढे बसून हळूच विचारायचे, "सांग बाबा, काय होता तुका?" आणि तो खरंच सांगत असावा, कारण तासाभरात बिघाड सापडायचा. विचार करायचा असला की गॅलरीत सात पावलं तिकडे, सात पावलं इकडे. बोटीवर तेवढीच जागा मिळायची म्हणे. प्रोग्रॅममध्ये जे काही बदलतील त्याच्याशेजारी बोटीच्या रोजनिशीसारखं टिपून ठेवायचे: सकाळी साडेनऊ, हे पाहिलं, दहा वाजता, इथे संशय आला, दहा वीस, कारण मिळालं. सहा महिन्यांनी तो प्रोग्रॅम उघडला तरी माणसाने काय विचार केला ते कळायचं. मी माझाच प्रोग्रॅम आठवड्याने उघडला तर मला अनोळखी वाटतो.

त्यांनी एका शब्दावर बंदी घातली होती. कुणी "हे सोपं आहे" म्हटलं की ते हात वर करायचे. "सोप्पा म्हणजे काय? सोप्पा म्हणजे तुका येता ता. तेच्यापलीकडे कायएक नाय." पोरं हा डायलॉग त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायची आणि ते स्वतः सगळ्यांत जास्त हसायचे. माझी नक्कल कधी कुणी केली नाही. माझ्यासमोर तरी नाही.

पुढच्या भरतीची वेळ आली. मी नेहमीचा पेपर काढला, चूक अर्थातच दुरुस्त करून. राजनने सगळ्यांना बोलावलं आणि काकांना विचारलं, "काका, तुमचा मत काय?"

काकांनी पेपर वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "विनू, पेपर हुशारीचो आसा. पण आपल्याकडे घोडो खंय फिरता? हय होडी फिरता. होडयेचा काम येता काय ता बघूक होया मा?"

सगळे हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, दबावाखाली डोकं कसं चालतं ते या पेपरातून कळतं. चांगल्या माणसाला पाऊण तास पुष्कळ झाला.

"मगे आपण एकदा बसान बघूया," ते म्हणाले. "बोटीर बचावाची होडी पयली अधिकारीच उतरवतत, मगे खलाशांका शिकवतत."

दुसऱ्या दिवशी काकांनी एक छापील पेपर माझ्यापुढे ठेवला. तीन कोडी, पाऊण तास, इंटरनेट बंद. आणि ते स्वतः माझ्या मागे येऊन उभे राहिले, मी राहायचो तितक्याच अंतरावर. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. पहिलं कोडं अर्धं झालं. दुसरं वाचलं, पुन्हा वाचलं. आपण अकरा वर्षं पुण्यात काम केलेली माणसं, हे मी मनाला तीन वेळा सांगून पाहिलं. समोर बाकीचे आठ जण काम करत असल्याचं नाटक करत होते. पाऊण तास झाला तेव्हा माझं दीड कोडं झालेलं होतं.

"खंयचो पेपर हो? भारीच कठीण," मी कसंनुसं हसून विचारलं.

"तुझोच," काका म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी काढलेलंस. जुन्या फायलीत गावलो."

मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. आणि मग त्यांनी ते केलं ज्याबद्दल मी त्यांना वर्षभर क्षमा केली नाही. सगळ्यांकडे वळून ते म्हणाले, "बघलास? विनू आपल्यातलो सगळ्यांत हुशार. तो तुमच्या रोजच्या अडचणी धा मिनटांत सोडवता. तो जर ह्येच्यात अडकता, तर माणूस नापास नाय, पेपर नापास." लोकांनी माना डोलावल्या. काका मला हसले असते तर मी भांडू शकलो असतो. असं वर उचलून धरल्यावर भांडणार कुणाशी?

त्या दिवसापासून भरती काकांकडे गेली. "विनू, तू पेपर तपासूक तेंच्याबरोबर रव," राजन मला म्हणाला. म्हणजे काल जो नवरदेव होता त्याला आज करवल्यांत बसवलं.

काकांनी जी पद्धत घातली ती ऐकून घ्या, कारण माझं पुढचं पाप तिच्यातूनच निघालं.

कोडी बंद झाली. आमच्याच कामातला एक लहानसा, मुद्दाम बिघडवलेला प्रोग्रॅम मुलांना द्यायचा. होडीचं बुकिंग, पण एकच जागा कधीकधी दोघांना विकली जाते. बिघाड शोधा, दुरुस्त करा, आणि काय विचार केला तो लिहा. वेळ तीन तास. घरी बसून करा, ऑफिसात बसून करा. इंटरनेट बघा, आपण नाही का बघत? वीज गेली तर घड्याळ थांबवायचं, आली की पुन्हा सुरू. सिंधुदुर्गात हा नियम नसेल तर निम्मी मुलं विजेच्याच हाताने नापास होतील. पेपर आधी आमच्यातल्या दोघांनी सोडवून बघायचा, आणि त्यांना जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट मुलांना द्यायचा. नंतर ज्याचा नंबर लागेल त्याला बोलावून वीस मिनिटं त्याच्याच प्रोग्रॅमवर गप्पा. कुणी एआयकडून सगळं लिहून आणलं असलं तरी काका रागवायचे नाहीत. "ही ओळ कित्याक घातलंस?" एवढंच प्रेमाने विचारायचे. ज्याने समजून घेऊन घातली असेल तो सांगायचा. ज्याने नुसती चिकटवली असेल तो छताकडे बघायचा.

पण या गप्पा मार्क देऊन झाल्यावर. मार्क देताना नावं झाकलेली. हिशेब बघणाऱ्या शुभाताई प्रत्येक पेपराला माशाचं नाव द्यायच्या आणि खरी यादी आपल्या कपाटात चहाच्या डब्यात ठेवायच्या. मग ऑफिसात संवाद असे चालायचे, "बांगड्याने काम चोख केलंय, पण पेडव्याचं डोकं जास्त चालतं." 'कोणाचो रे तू' हा प्रश्न बंद. इथे आडनावावरून माणसाची सात पिढ्यांची पत्रिका मांडता येते, आणि काकांनी ती पत्रिकाच झाकून टाकली. आम्ही दोघांनी वेगवेगळे मार्क द्यायचे, एकमेकांचे न बघता, आणि प्रत्येक मार्काचं कारण लिहायचं. दोघांत दहापेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा एकत्र बसून वाचायचं.

आणि शेवटचा नियम. ज्याची निवड झाली नाही त्याला फोन करायचा, कारण सांगायचं. दोघांतल्या ज्याने कमी मार्क दिले त्याने करायचा. आणि हे फोन आधी. निवड झालेल्यांचे नंतर.

"हे कशाला, काका? एक मेल टाकली की झालं," मी म्हटलं.

"बोटीवरसून कोणाक उतरवचो झालो तर कप्तान स्वतः तेका सांगता. कारकुनाक पाठवना नाय," ते म्हणाले.

ही पद्धत पहिल्या वर्षी इतकी छान चालली, की माझा जळफळाट दुप्पट झाला. निवडलेली दोन्ही मुलं कामाची निघाली. न निवडलेल्यातला एकजण तर पेढे घेऊन आला, काकांनी फोनवर सांगितलेली चूक सुधारून त्याला कोल्हापुरात नोकरी लागली होती. आम्ही नापास केलेला मुलगा आम्हालाच पेढे देतो! तो पेढा मी खाल्ला, पण गोड लागला नाही.

दुसऱ्या वर्षी दोन जागा होत्या आणि सात अर्ज. सुरुवातीलाच काकांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माझो पुतण्यो नितेश अर्जात आसा. तेचो मासो खंयचो ता माका ठावक नाय. कोणाक शंका आसली तर आत्ताच सांगा, मी बाजूक होतंय." कुणालाच शंका नव्हती. मलाही नव्हती असं मी तोंडाने म्हटलं. मनात म्हटलं, आता सापडला. आपलो तो बाब्यो. बघूया म्हातारा कसा वागतो.

पेपर आले. मी तपासायला बसलो आणि चौथ्या पेपराशी थबकलो. शुभाताईंनी त्याचं नाव ठेवलं होतं सौंदाळा. प्रोग्रॅमच्या शेजारी टिपणं होती: दहा वाजता, हे पाहिलं, दहा वीस, इथे संशय आला, अकरा, कारण मिळालं. थेट काकांची रोजनिशी. जगात असं लिहिणारा एकच माणूस, आणि त्याच्या हाताखाली वाढलेला पुतण्या. नितेश सापडला!

तो पेपर उत्तम होता. मी आजवर तपासलेल्या पेपरांत सगळ्यांत उत्तम. बिघाड सापडला होताच, शिवाय तिकीट रद्द केल्यावर तोच घोळ पुन्हा होतो, हेही त्याने शोधलं होतं, जे मला सोडवताना दिसलं नव्हतं. शंभरात पंच्याऐंशी तरी द्यायला हवे होते. माझा हात थांबला. काका याला ऐंशीच्या आसपास देणार, हे मला ठाऊक होतं. दहापेक्षा जास्त फरक पडला तर एकत्र बसावं लागणार. मी बहात्तर दिले. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'वाचायला अवघड.' लिहून झाल्यावर मला एवढं हलकं वाटलं, की मी स्वतःसाठी एक सोलकढी मागवली.

काकांनी एक्क्याऐंशी दिले होते. फरक नऊचा.

शुभाताईंनी चहाचा डबा उघडला. पहिला कुडाळचा एक मुलगा. दुसऱ्या नंबरवर तारली, आणि तारली म्हणजे नितेश! त्याला मी चौऱ्याऐंशी दिले होते, काकांनी शहात्तर. तिसऱ्या नंबरवर, थोडक्यात हुकलेला, सौंदाळा. सौंदाळा म्हणजे बांद्याची अक्षता नावाची मुलगी. बांद्यात तिच्या आईचं शिवणकामाचं दुकान. तिने काकांना जन्मात पाहिलेलं नव्हतं.

"हिने तुमच्यासारखं कसं लिहिलं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

काका चकित झाले. "अरे, नमुन्याच्या पेपरात मी तसा करून दाखवलंय मा. सगळ्यांका धाडलेलो. तुकाय धाडलेलो. वाचलंस नाय?"

नव्हता वाचला. पेपराआधी आठवडाभर प्रत्येक मुलाला एक सोडवलेला नमुना पाठवायचा, म्हणजे कुणाच्या ओळखीपाळखीचा कुणाला फायदा नको, ही त्यांचीच कल्पना. त्यांची होती म्हणूनच मी ती फाइल उघडली नव्हती. सात मुलांपैकी एकीने तो नमुना मनापासून वाचला, आणि तेवढ्यासाठी मी तिला बुडवलं.

"चल," काकांनी माझ्यापुढे फोन सरकवला. "सौंदाळ्याक तू कमी दिलंस. फोन तुझो."

ते समोरच बसले, बिनदुधाचा चहा पीत. मी नंबर लावला. पलीकडे शिवणयंत्राचा आवाज येत होता, तो थांबला.

"नमस्कार सर. निकालाचा फोन आहे ना?"

मी ठरलेलं वाक्य म्हटलं. प्रयत्न चांगला होता, पण या वेळी निवड होऊ शकली नाही. ती रडते की काय असं मला वाटलं. पण कागद उलटल्याचा आवाज आला.

"सर, वही घेतली. काय चुकलं ते सांगाल का? तुम्ही सांगता असं ऐकलंय."

"थोडं... वाचायला अवघड होतं."

"बरोबर, मला मराठी-इंग्रजी मिसळून लिहायची सवय आहे. कुठली ओळ, सर? मी आत्ता उघडूनच बसले आहे. ओळींना नंबर आहेत."

मी तिचा पेपर पडद्यावर उघडला. वरून खाली गेलो. खालून वर आलो. एखादी तरी ओळ सापडावी, वेडीवाकडी, धेडगुजरी, काहीही. एकही सापडेना. सगळं स्वच्छ लिहिलेलं. पलीकडे ती पेन धरून वाट बघत होती. तिच्या आईने काहीतरी विचारलं, तिने हळूच "थांब गो आई, सर सांगतत," म्हटलं. मी काकांकडे पाहिलं. ते कपात बघत होते.

"तुमची कुठलीच ओळ चुकलेली नाही," मी म्हणालो. "मार्क देताना माझं चुकलं. मी मुद्दाम कमी दिले. तुम्ही दुसऱ्याच कुणीतरी आहात असं समजून दिले. थोड्या वेळाने पुन्हा फोन येईल."

ती काय म्हणाली ते मला आठवत नाही. मी फोन ठेवला आणि काकांना सगळं सांगितलं, पुतण्याच्या संशयापासून सोलकढीपर्यंत. ते रागावले असते तर सोपं झालं असतं. त्यांनी कप बाजूला ठेवला आणि पेन काढलं.

"खरे मार्क किती?"

"शहाऐंशी."

"लिही. कारण लिही. जुना खोडू नको, तेच्या खाली लिही."

मी लिहिलं. बेरीज बदलली. अक्षता एकदम पहिली आली, कुडाळचा मुलगा दुसरा आणि नितेश तिसरा. आमच्याकडे जागा दोनच. ते आकडे बघत काकांनी घड्याळ मनगटावर उगीचच फिरवलं.

"म्हणजे नितेशाक फोन करूचो लागतलो," ते म्हणाले.

"काका, मी करतो. चूक माझी आहे."

"तू तेका माझ्यापेक्षा जास्त दिलंस. कमी मी दिलंय. फोन माझो."

त्यांनी लावला. "नितेश, काको बोलतंय. या टायमाक झाला नाय, झिला. कित्याक ता सांगतंय, वही घे. तिकीट रद्द झाल्यार जागा परत मोकळी करूची ऱ्हवली..." सगळं शांतपणे सांगितलं. आणि मग म्हणाले, "आणि एक ऐक. पयल्या बेरजेत तू दुसरो होतंस. मार्कांत चूक होती, ती सुधारल्यार तिसरो झालंस." मी हाताने नको नको म्हणून खुणावत होतो. हे सांगायची काय गरज होती? फोन ठेवून ते मला म्हणाले, "तेका मागसून भायरसून कळला तर तेचो आपल्यारचो विश्वास उडात. माझ्याकडसून कळूक होया."

देवबागात दोघा भावांची घरं भिंतीला भिंत लावून. थोरल्या भावाने, नितेशच्या वडलांनी, काकांशी बोलणं टाकलं. हाती आलेला घास सख्ख्या चुलत्याने काढून घेतला, असा त्यांचा हिशेब. चतुर्थीला त्यांचा गणपती एकत्र, थोरल्याच्या घरात. त्या वर्षी काकांना आरतीचं बोलावणं आलं नाही. तरी ते गेले. दारात उभे राहून आरती म्हणाले आणि प्रसाद न घेता परत आले. हे मला शुभाताईंकडून कळलं. काकांनी राजनला इतकंच सांगितलं होतं, की मार्कांत चूक झाली होती, वेळेत सापडली. कुणाची ते सांगितलं नाही. मी दोन आठवडे राजनचं बोलावणं येईल म्हणून जीव मुठीत धरून होतो. ते आलं नाही. शेवटी मीच जाऊन सांगितलं आणि चांगला तासभर बोलणी खाल्ली.

वाटेल कुणाला, की एवढं झाल्यावर तरी माझा हेवा गेला असेल. छे! वाढला. मी चूक कबूल केली त्यात माझं काय गेलं? एक तासाची बोलणी. ज्याची काहीच चूक नव्हती त्याचा भाऊ गेला. आणि तरी हा माणूस दुसऱ्या दिवशी दारात चपला काढून, "सांग बाबा, काय होता तुका" म्हणत बसला. अक्षता आता आमच्यातली सगळ्यांत भरवशाची आहे, माझ्याच शेजारी बसते, मला आदराने सर म्हणते. काकांना ती काका म्हणते. मला त्याचाही हेवा वाटे.

थोरला भाऊ दीड वर्षाने बोलू लागला. नितेशला तोवर पणजीत नोकरी लागली होती. मग काकांच्या मुलीला बाळ झालं, काकू आधीच तिकडे गेल्या आणि काकांनीही राजीनामा दिला. भरती पुन्हा माझ्याकडे आली. ज्यासाठी चार वर्षं पोटात दुखलं, ते असं सहज हातात पडलं.

जायच्या दिवशी मीच त्यांना मोटरसायकलवरून एसटी स्टँडवर सोडायला गेलो. एक बॅग, आणि आमसुलं, कुळथाचं पीठ, सुके बांगडे भरलेली एक पिशवी. पणजीची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं.

"काका, एक सांगतंय. ह्या चार वर्षांत माका तुमचो भयंकर हेवो वाटलो."

"म्हायत आसा," ते म्हणाले.

"कदीपासून?"

"पयल्या दिसापासून. म्हणानच तर पेपर तपासूक तुका मागून घेतलंय. राजन शुभाक देय होतो. मी म्हटलंय, नको, माका विनूच होयो." पिशवीची गाठ घट्ट करत ते बोलत होते. "शुभा, ती पोरां, सगळी माझ्यार माया करतत. तेंका माझी चूक कशी दिसतली? माझी चूक धरूक माझ्यार रात्रंदिस डोळो ठेवणारो माणूस होयो. तसो तू एकटोच होतंस."

"आणि मीच केली ती चूक?"

"ती तूच धरलंस मा?"

गाडी लागली. ते चढले, पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसले आणि कंडक्टरला सुटे आहेत का म्हणून विचारू लागले. माझ्याकडे त्यांनी एकदा हात केला. गाडी वळून बाजाराच्या गर्दीत शिरली तरी मी तिथेच उभा होतो. मला भरून वगैरे यायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मनात पहिलं आलं ते हेच: स्वतःवर जळणारा माणूस हुडकून त्यालाच शेजारी बसवायचं, हे मला सात जन्मांत सुचलं नसतं.

ऑफिसात आलो. पुढच्या महिन्यात भरती होती आणि माझ्याबरोबर पेपर तपासायला कोण, ते ठरवायचं होतं. मी खुर्चीत बसून एकेकाचा चेहरा न्याहाळला. राजन, शुभाताई, अक्षता, ती पोरं. यातलं माझ्यावर कोण जळतं? दुपारपर्यंत शोधलं. एकही जण सापडला नाही.